ट्रकच्या भरवशावर दुकान टाकताय? आधी कर्जाची मुदत बघा

व्हिडिओत हिशोब जरा भराभर झाला, म्हणून इथे सावकाश लिहितोय.

समजा, तुम्हाला आलापल्ली-आष्टी रस्त्यावर टायरचं दुकान टाकायचंय, 5 वर्षांचं कर्ज काढून. सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक दिवसरात्र जातात, म्हणजे गिऱ्हाईक पक्कं. खरंच पक्कं आहे का?

नोव्हेंबर 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत पंतप्रधानांनी जाहीर केलं, भारत 2070 पर्यंत ‘नेट झिरो’ होणार. म्हणजे धूर पूर्ण बंद असं नाही. आपल्या खातेवहीसारखं समजा: एका बाजूला हवेत सोडलेला कार्बन, दुसऱ्या बाजूला जंगलानं किंवा इतर मार्गानं परत शोषलेला, आणि बाकी शून्य. (सूरजागडमध्ये दोन्ही बाजू हलतायत. 2025 मध्ये इथल्या खनिज प्रकल्पासाठी लाखावर झाडं तोडायला केंद्रानं तत्त्वतः मंजुरी दिली. म्हणजे जमेची बाजूही घटणार.)

“2070 ला मी म्हातारा होईन, मला काय त्याचं?” असं वाटतं ना? पण देशाचा आराखडा आधी मोठ्या कारखान्याच्या खर्चात शिरतो आणि तिथून आपल्या रस्त्यावर येतो. डिसेंबर 2024 मध्ये केंद्रानं ‘हरित पोलाद’ कशाला म्हणायचं ते ठरवलं: टनामागे कार्बन 2.2 टनांपेक्षा कमी हवा. देशाची सरासरी अडीच टनांच्या आसपास आहे. युरोपीय संघानं तर 1 जानेवारी 2026 पासून बाहेरून येणाऱ्या पोलादावर कार्बनचा आकार लागू केला. मग कारखानदार लिटर-लिटर डिझेल मोजणारच.

आता आपल्याकडचं बघा. जुलै 2025 मध्ये हेडरी ते कोनसरी अशा सुमारे 85 किलोमीटरच्या स्लरी पाइपलाइनचं उद्घाटन झालं. खनिज दळायचं, पाण्यात कालवायचं आणि नळातून पाठवायचं. ट्रक लिटरला 3 किलोमीटर देतो असं धरा. तेवढ्याच अंतराच्या जाण्यायेण्याच्या 170 किलोमीटरला साधारण 57 लिटर डिझेल लागतं. लिटरमागे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एका खेपेला दीडशे किलोच्या वर. ट्रकचा हा धूर नळामुळे वाचतो, आणि डिझेलचा पैसाही. कंपनीनं नळ फक्त पर्यावरणासाठी टाकला, असं मी म्हणणार नाही. पण पैसा आणि कार्बन एकाच बाजूला ओढायला लागले की बदल झपाट्यानं होतो.

ट्रक उद्याच बंद पडणार नाहीत. पण तुमचा हप्ता 60 महिने चालणार आहे आणि तेवढे महिने ट्रक आजच्याइतकेच राहतील याची हमी कोणी दिलेली नाही. ढाबा असो, स्पेअर पार्ट असो, हिशोब तोच.

हे आधी कळतं कुठून? मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी असते, तिची सूचना किमान 30 दिवस आधी निघते. प्रकल्पाचा सारांश मराठीत असतो, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळतो. त्यात ‘वाहतूक’ हा भाग आधी वाचा. माल ट्रकनं, रेल्वेनं की नळानं जाणार, ते तिथे लिहिलेलं असतं. आपल्याकडे लोक तिथे नोकरी किती तेवढंच शोधतात.

आणि दुकान टाकायचंच असेल तर कागदावर एक आकडा काढा: ट्रकची गिऱ्हाइकी निम्मी झाली तर ट्रॅक्टर, दुचाकी आणि गावातल्या गाड्यांवर हप्ता निघतो का? निघत नसेल तर मशीन लहान घ्या, कर्ज 2-3 वर्षांत फिटेल एवढंच काढा. बँकवाला जास्त देत असला तरी.