फ्रीजवाल्याच्या टूलनं गाडीचा ब्रेक पाइप बनवता येतो का?

समजा, तुम्ही जुन्या जीपनं लातूरहून नांदेडला निघालात. मागच्या सीटवर आई-वडील. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. लोह्याच्या अलीकडे उसाची ट्रॉली अचानक आडवी आली. ब्रेक दाबला, तर पेडल थेट तळाला! हँडब्रेक ओढून गाडी कशीबशी थांबवली. खाली वाकून बघितलं, तर मागच्या चाकाजवळ पाइप गंजून फुटलाय आणि ब्रेक ऑइल ठिबकतंय.

जुन्या मॉडेलचा तयार पाइप तालुक्याच्या दुकानात मिळेलच असं नाही. बाहेरून मागवायचा तर थांबावं लागणार. मग कुणीतरी हमखास सांगतं, "सोपंय की! फ्रीजवाल्याकडून तांब्याचा पाइप आण, त्याच्याच टूलनं तोंड फुलव आणि टाक बसवून."

घोळ होतो तो इथेच. ब्रेक पाइप घरी बनवता येतो, त्याची टूल्सही बाजारात मिळतात. पण ती टूल्स फ्रीजवाल्याची नव्हेत. का, ते बघू.

बारीक पाइप, प्रचंड दाब

पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइल पुढे ढकलतो आणि तो दाब पाइपमधून चाकांपर्यंत पोहोचतो. शाळेत शिकलेला पास्कलचा नियम तो हाच. कारच्या टायरमध्ये साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा असते. जोरात ब्रेक दाबला की पाइपमधला दाब १००० पीएसआयच्याही वर जातो. हे सगळं सांभाळतो पेन्सिलीपेक्षा बारीक, बहुतेक गाड्यांत ४.७५ मिलिमीटर जाडीचा स्टीलचा पाइप.

परदेशात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं हे पाइप गंजतात. कोकणात खारी हवा असते. आपल्याकडे यातलं काहीच नाही, मग गंज कशानं? काळ्या मातीनं. पावसाळ्यात शेतरस्त्याचा चिखल गाडीच्या पोटाला चिकटतो. वरून सुकला तरी आत ओल धरून ठेवतो. पाइप जिथे क्लिपमध्ये अडकवलेला असतो तिथे हा चिखल साचतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.

कोणती टूल्स लागतात?

पाइप कटर : पाइपभोवती गोल फिरवून कापायचं छोटं टूल. हॅक्सॉनं कापू नका. काप तिरका जातो आणि लोखंडाचा कीस आत राहतो.

रीमर : कापलेल्या तोंडाची आतली धार साफ करायला.

बेंडर : हातानं वाकवला तर पाइप चेपतो. बेंडरमध्ये तो गोल राहतो. आधी जुन्या पाइपवरून तारेचा नमुना करून घ्या.

फ्लेअर नट पाना : साध्या फिक्स पान्यानं ब्रेकचे नट गोल होतात. हा पाना नटाला जवळपास सगळ्या बाजूंनी धरतो.

डबल फ्लेअरिंग किट : सगळ्यात महत्त्वाचं टूल हेच.

एक घडी की दोन?

पाइप जिथे जोडला जातो तिथे त्याचं तोंड फुलवलेलं असतं. नट आवळला की हे तोंड समोरच्या भागावर दाबून बसतं आणि गळती थांबते. फ्रीज-एसीवाल्याचं साधं टूल तोंड एकदाच फुलवतं. तांब्याच्या पाइपला तेवढं पुरतं. ब्रेकच्या स्टील पाइपचं तोंड एकदाच फुलवलं तर कडा पातळ होते आणि चिरू शकते.

डबल फ्लेअरमध्ये काम दोन टप्प्यांत होतं. आधी गोल डायनं दाबून तोंड छत्रीसारखं फुगवायचं. मग टोकदार कोननं तीच कडा आत दुमडायची. साडीच्या काठाला दुमड घालतो तसंच. कडा दुहेरी झाली की दाब सोसते.

मारुती ८०० सारख्या जपानी घराण्यातल्या गाड्यांत असा डबल फ्लेअर असतो. अनेक युरोपियन गाड्यांत मात्र बुडबुड्यासारखा बबल फ्लेअर असतो. एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

आणि हो, तोंड फुलवण्याआधी नट पाइपमध्ये घालून ठेवा. हे विसरलात तर बनवलेलं तोंड कापून पुन्हा सुरुवात!

पाइपसाठी ब्रेकचाच स्टील किंवा तांबं-निकेल मिश्रधातूचा पाइप घ्या. फ्रीजचा तांब्याचा पाइप सततच्या हादऱ्यांनी कडक होत जातो आणि एक दिवस तडकतो.

पाइप बसला, आता?

अर्धं काम बाकी आहे. आत शिरलेली हवा काढावी लागते. हवा दबते, त्यामुळे पेडल स्पंजसारखं लागतं. ऑइल नव्या, बंद डब्यातलंच घ्या, कारण ते हवेतली ओल शोषतं. डॉट ३ ऑइल नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल शिरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते.

मग इंजिन चालू करून पेडल जोरात दाबून धरा आणि दुसऱ्याला प्रत्येक जोड कोरड्या कागदानं पुसायला सांगा. कागद ओला झाला किंवा पेडल हळूहळू खाली गेलं, तर गाडी रस्त्यावर काढायची नाही.

इथे हात लावू नका

चाकाजवळचा रबरी होज घरी बनत नाही, तो तयारच घ्या. फुटलेल्या पाइपला मध्येच नळाच्या पाइपासारखा जोड देऊ नका. एबीएस असलेल्या काही गाड्यांची हवा काढायला स्कॅनर लागतो, त्या वर्कशॉपलाच द्या. गाडीतला धोकादायक दोष माहीत असूनही ती सार्वजनिक ठिकाणी चालवणं मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९० नुसार गुन्हा आहे.

पहिल्यांदाच करत असाल तर आधी भंगारातल्या पाइपवर दहा-बारा फ्लेअर करून बघा. वाकडा किंवा चिरलेला आला तर सरळ कापून टाका.

हे सगळं स्वतः करायचं नसेल तरी हरकत नाही. नांदेड असो की लातूर, गॅरेजवाल्या मामांना तीन प्रश्न नक्की विचारा : पाइप ब्रेकचाच आहे ना? फ्लेअर डबल मारलाय ना? हवा काढून जोड तपासले ना?

तिन्हींचं उत्तर "हो" आलं, तरच आई-वडिलांना मागच्या सीटवर बसवा.