दोन साधनं जुळली, म्हणजे झालं का?



'दोन साधनं एकच सांगतात, म्हणजे माहिती पक्की' असं आपण सिनॉप्सिस लिहिताना सहज धरून चालतो. ते कुठे फसतं, हे एका जुन्या सिनेमावरून बघू.

'जेनेव्हिव्ह' हा १९५३ चा ब्रिटिश विनोदी प्रेमपट. दिग्दर्शक हेन्री कॉर्नेलियस. जेनेव्हिव्ह हे नायिकेचं नाव नाही बरं का, ती १९०४ ची डॅरॅक मोटार! दोन मित्र जुन्या गाड्या घेऊन लंडन ते ब्रायटन फेरीला जातात आणि परतताना वेस्टमिन्स्टर ब्रिज आधी कोण गाठणार, यावर पैज लावतात.

पडद्यावर दिसतं ते सगळंच खरं नसतं, हे इथे पदोपदी जाणवतं. ती गाडी चालवणाऱ्या जॉन ग्रेगसनला शूटिंग सुरू झालं तेव्हा गाडी चालवता येत नव्हती. के केंडल झोकात ट्रम्पेट वाजवते, तो आवाज केनी बेकरच्या ट्रम्पेटचा.

आता मुख्य मुद्दा. सिनेमाचं संगीत लॅरी ॲडलर या अमेरिकन माउथ ऑर्गनवादकाचं. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून अमेरिकेत तो काळ्या यादीत गेला होता, म्हणून ब्रिटनमध्ये राहत होता. अमेरिकेत दाखवलेल्या प्रतीतून त्याचं नाव काढून टाकलं गेलं. पुढे या संगीताला ऑस्करचं नामांकन मिळालं, तेही म्युअर मॅथिसनच्या नावावर. मॅथिसन होता संगीत संचालक. ही चूक अकादमीने थेट १९८६ मध्ये दुरुस्त केली.

समजा, १९८० साली कुणी यावर शोधनिबंध लिहितोय. त्याने अमेरिकन प्रत पाहिली, ऑस्करची यादीही पाहिली. दोन्हीकडे ॲडलर नाही. दोन साधनं जुळली! पण चुकीची नोंद मुळात त्या नाव गाळलेल्या प्रतीवरून झालेली. म्हणजे साक्षीदार दोन दिसले तरी साक्ष एकच. ब्रिटिश प्रत काढून बघितली असती, तर ॲडलरचं नाव तिथे होतंच.

म्हणून साधन हातात आलं की तीन प्रश्न विचारा. ही कुठली प्रत आहे? यातून काही गाळलं असेल, तर कुणाच्या सोयीसाठी? आणि दुसरं साधन खरंच स्वतंत्र आहे, की पहिल्यावरूनच उतरवलेलं?

तिसरा प्रश्न आपण सगळ्यात कमी विचारतो. मात्र खऱ्या माणसाचं श्रेय तिथेच अडकलेलं असू शकतं. ॲडलरला ते मिळायला तीस वर्षांहून जास्त काळ लागला.