चित्रपुस्तकांतून दृष्टीचे शिक्षण



पहिलीच्या वर्गात चित्रपुस्तक उघडले की आपण विचारतो, 'हे काय आहे?' मुले 'बैल', 'घर', 'झाड' अशी उत्तरे देतात आणि आपण पान उलटतो. चित्रातील वस्तू मुलाला लवकर ओळखता येते, हे खरे. परंतु दूर-जवळ, पुढे-मागे, झाकलेले-उघडे हे कागदावरील संकेत त्याला सवयीनेच उमगतात. ती सवय लावणे हे शिक्षकाचे काम होय.

याविषयी माझ्या हातून घडलेली एक चूक येथे नमूद करतो. मी नवा शिक्षक असताना एका चित्रात जवळ एक बैल मोठा व टेकडीपाशी दुसरा लहान काढलेला होता. 'बैल किती?' असे विचारताच एक मुलगा म्हणाला, 'एक बैल अन् एक वासरू.' वर्ग हसला. मीही 'चूक' म्हणून त्याला खाली बसविले. तो घरची गुरे राखणारा मुलगा; बैल आणि वासरू यांतील भेद त्यास माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होता. कागदावर जे लहान दिसले, त्यास त्याने लहान म्हटले. त्यानंतर चित्रवाचनाच्या तासाला तो बोललाच नाही. त्याला मंद ठरविण्यात दोष माझा होता, हे मला फार उशिरा कळले.

मुलांच्या शिक्षणात चित्रांना मानाचे स्थान देणारा कोमेनियस याचा सचित्र ग्रंथ १६५८ साली प्रसिद्ध झाला. त्यात चित्रातील वस्तूंना अंक देऊन त्यांची नावे शिकविली होती. पुढे चित्रपुस्तकांत खेळ आला. लिओ लिओनी यांच्या १९५९ च्या पुस्तकात निळा व पिवळा हे कागदाचे दोन ठिपके एकमेकांना मिठी मारतात आणि हिरवे होतात. एरिक कार्ल यांच्या १९६९ च्या पुस्तकात भुकेला सुरवंट फळे खात जातो, तेथे पानांना खरोखरीची भोके आहेत. मूल त्यांत बोट घालते, आणि संख्या, क्रम, वार यांचा परिचय त्यास खेळताखेळता होतो.

अशी पुस्तके शाळेत नसली तरी अडून बसण्याचे कारण नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा परिसरातील साध्या वस्तूंतूनच साधने उभी केली. आपणही जुनी दिनदर्शिका, वह्यांचे पुठ्ठे, खळ व सुईदोरा यांवर पुढील पुस्तके तयार करू शकतो.

१. खिडकीचे पुस्तक : चित्रावर पुठ्ठा ठेवून त्यात लहानशी खिडकी कापावी. शेपटी किंवा चाक एवढेच दिसू द्यावे. मुलांनी तर्क करावा, मग पुठ्ठा उचलावा. अंशावरून पूर्णाची कल्पना येते.

२. दूर जाणारा बैल : चार पानांवर एकाच रस्त्यावरील तोच बैल क्रमाने लहान काढावा. पाने भराभर उलटली की बैल दूर जाताना दिसतो. त्यानंतर मुलांना बाहेर न्यावे. एक डोळा मिटून, हात लांब करून अंगठा उभा धरला की दूरचे झाडही त्यामागे लपते. अनुभव आधी की पुस्तक आधी, याचा आग्रह नको; दोन्ही मात्र हवीत.

३. रंगाचे पुस्तक : निळ्या व पिवळ्या जिलेटिन कागदाची पाने एकमेकांवर ठेवून उजेडासमोर धरावीत. हिरवा रंग मुलांनी आपणच शोधावा. आपण तो आधी सांगू नये.

पुस्तक मुलांच्या हाती द्यावे. ते मळेल, फाटेल. तथापि कपाटात कोरे राहिलेले पुस्तक कोणास काही शिकवीत नाही. उत्तर अनपेक्षित आले तर 'चूक' म्हणण्यापूर्वी 'तुला असे कशावरून वाटले?' एवढे अवश्य विचारावे. या एका प्रश्नाने मला माझा तो विद्यार्थी गमवावा लागला नसता.

सबब प्रत्येक शाळेने असे निदान एक पुस्तक तयार करून केंद्राच्या शिक्षण परिषदेत आणावे, ही विनंती. सुबकतेची अपेक्षा नाही. ते मुलांनी हाताळलेले असावे, एवढेच पुरे.