लाल छाप आणि पाच रुपये

ऑक्टोबर २०२५. राजुऱ्यातल्या एका सहकारी संस्थेच्या आवक-जावक टेबलाशी आज आवराआवर चालली आहे. दोन शिपाई कपाटाच्या तळातून पाकिटावर तिकिटाऐवजी लाल छाप मारणारं जुनं फ्रँकिंग मशीन उचलून वर ठेवतात. जड, लोखंडी. मीटरचं सील अजून शाबूत. वाळलेल्या लाल शाईचा थर मोठ्या बाबूंच्या बोटांना लागतो.

"हे रिक्षात घालून पोस्टात न्यावं लागे," ते नव्या पोराला सांगतात. "पैसे भरायचे, मग तिथं मीटरमधली रक्कम वाढवून सील मारत. प्रत्येक पाकिटामागं शिल्लक उतरायची, वापर चढायचा. दोन्ही आकडे रोज वहीत."

वहीही निघते आणि लायसन्सही, १८९८ च्या टपाल कायद्याखालचं. तो कायदा गेला. २०२३ चा नवा १८ जून २०२४ पासून लागू आहे. दुरूनच पैसे भरता येणारी डिजिटल यंत्रं आली, तशी असली मीटरं टपाल खात्यानं कधीच बाद केली. इथं रोजचं टपाल आता थोडंच. नवं यंत्र घेण्याऐवजी सगळं काउंटरवरून बारकोड लावून जातं. मशीन आणि लायसन्स आज पोस्टात जमा होणार.

दुसरा ढीग थकबाकीच्या नोटिसांचा. पोरगा सवयीनं 'रजि. ए.डी.'चा शिक्का उचलतो, बाबू तो हातातून काढून घेतात. १ सप्टेंबरपासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय. १ ऑक्टोबरपासून दरही नवे: ५० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला गावात १९ रुपये, बाहेर ४७, शिवाय जीएसटी. पाकीट ज्याच्या नावाचं त्याच्याच हाती पडावं असं वाटत असेल, तर 'नोंदणी' वेगळी मागायची, आणखी पाच रुपये.

"ते पाच वाचवू का जी?"

"नाही!" बाबूंचा आवाज चढतो. "जिवतीकडच्या डोंगरातला जामीनदार कापूस वेचायला तेलंगणात गेला असतो. पाकीट घरातलं कोणीही घेते अन् फळीवर ठेवते. आपण समजतो, त्याले कळलं."

मला हे अगदी पटतं. कर्ज दुसऱ्याचं, सही आपली. अशा माणसाला थकबाकीची बातमी अनेकदा या पाकिटातूनच पहिल्यांदा लागते, आणि उत्तर द्यायची मुदत तर नोटिशीत छापलेली असते. खर्चकपातीत सर्वात आधी हेच पाच रुपये कापले जातील, आणि त्याची किंमत संस्थेला नव्हे, डोंगरातल्या त्या माणसाला मोजावी लागेल. मीटर बदललं, शिक्का गेला, त्याचं काही नाही. पण ज्याच्या नावे पत्र आहे त्याच्यापर्यंत ते पोचवण्याची जबाबदारी रजिस्टर पोस्टाबरोबर संपत नाही.

बाबू नोटिसांची यादी पुन्हा वाचायला घेतात. दोन नावांपुढं 'नोंदणी' लिहायचं राहिलंय. ते पेन पोराच्या हाती देतात आणि त्याचं लिहून होईपर्यंत शिपायाला दाराशी थांबवून धरतात.