वृद्ध कुत्र्याचा अचानक जाणारा तोल: विषबाधा, लकवा की कानाचा विकार?

शेताची राखण करीत दहा-बारा वर्षे घरचाच होऊन राहिलेला कुत्रा एके सकाळी उठू पाहतो आणि एका अंगावर कोसळतो. मान कललेली, बुबुळे सारखी एका बाजूला सरकणारी, पाय फाकलेले आणि तोंडातून लाळ. अशा वेळी ग्रामीण कुटुंबात तीन तर्क ठरलेले असतात: फवारणीचे विष लागले, लकवा मारला किंवा कुत्रा पिसाळला. या तर्कांवरून त्याच्या घशात तेल-ताक ओतले जाते, त्याला दूर सोडून दिले जाते आणि प्रसंगी त्याचा जीवही घेतला जातो. वास्तविक वृद्ध कुत्र्यांत या लक्षणांमागे बरेचदा काही दिवसांत आपोआप ओसरणारा तोलविकार असतो. मात्र खरी विषबाधा असल्यास थोडाही विलंब घातक ठरतो. कीटकनाशकाच्या संशयामुळे पहिला दूरध्वनी अनेकदा कृषी विस्तार कार्यकर्त्यालाच येतो. म्हणून हा भेद त्यांना माहीत असणे आवश्यक आहे.

तोल कसा सांभाळला जातो?

दोन्ही आंतरकर्णांत प्रत्येकी तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके हलले की त्यांतील द्रव सरकतो, सूक्ष्म केसयुक्त पेशी उत्तेजित होतात आणि संदेश मेंदूकडे जातो. मेंदू दोन्ही बाजूंच्या संदेशांची सतत तुलना करतो. एका बाजूचा संदेश एकाएकी मंदावला, तर शरीर स्थिर असूनही ते फिरत असल्याचा भास मेंदूला होतो. त्यामुळे मान बिघडलेल्या बाजूस कलते, प्राणी त्याच बाजूस पडतो आणि बुबुळांना लयबद्ध झटके बसतात. गाडी लागल्यासारखी मळमळ व उलटीही याच कारणाने होते.

वृद्ध कुत्र्यांत हा बिघाड कोणतेही कारण न सापडता अचानक उद्भवू शकतो. पहिले एक-दोन दिवस सर्वांत कठीण असतात. साधारणतः 72 तासांत सुधारणा दिसू लागते आणि दोन ते तीन आठवड्यांत कुत्रा पूर्ववत चालू लागतो. काहींची मान थोडी वाकडी राहते, पण त्यामुळे जगण्यात फारसा अडथळा येत नाही. या विकारात कुत्रा शुद्धीवर असतो, हाक ओळखतो आणि त्याच्या पायांतील ताकद कायम असते. त्याचा तोल जातो, शक्ती जात नाही. लकव्यात व यात हा महत्त्वाचा फरक आहे.

विषबाधेची लक्षणे

क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके, तसेच कार्बामेट गटातील कीटकनाशके मज्जातंतूंचे संदेश थांबवणाऱ्या विकराला निष्प्रभ करतात. त्यामुळे एकाच वेळी अनेक लक्षणे दिसतात:

- लाळ व अश्रू यांचा अखंड स्राव, वारंवार लघवी व जुलाब
- डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या लहान होणे
- स्नायूंची थरथर, झटके, श्वास घेताना घरघर

लाळ व उलटी दोन्ही अवस्थांत आढळतात. म्हणून केवळ त्यावरून निष्कर्ष काढू नये. बाहुल्या, थरथर व श्वास यांकडे लक्ष द्यावे. ही लक्षणे असल्यास तत्काळ पशुवैद्यक गाठावा. या विषबाधेत अॅट्रोपिनचे इंजेक्शन जीव वाचवते, पण त्याची मात्रा पशुवैद्यकानेच ठरवायची असते. औषधाचा डबा किंवा त्यावरील लेबल सोबत न्यावे. अंगावर औषध सांडले असल्यास हातमोजे घालून साबण-पाण्याने अंग धुवावे. कोणत्याही स्थितीत मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये, कारण तोल गेलेल्या प्राण्याच्या फुप्फुसात द्रव सहज शिरतो.

गोचीड व त्यावरील औषधे

तपकिरी गोचिडीमार्फत पसरणारा एर्लिकिओसिस हा रोग मज्जासंस्थेपर्यंत पोहोचल्यास तोल जाऊ शकतो. म्हणून कान, मान व बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहेत का, ते तपासावे. जनावरांसाठी आणलेले औषध अंदाजाने कुत्र्याला वापरणे हे दुसरे कारण होय. आयव्हरमेक्टिनची मात्रा जास्त झाल्यास कुत्रा झिंगतो, बाहुल्या विस्फारतात, दिसेनासे होते व गुंगी येते. कोली जातीच्या कुत्र्यांना तर अल्प मात्राही बाधू शकते. अॅमिट्राझमुळे सुस्ती येते व नाडी मंदावते. दीर्घकाळ किंवा अधिक मात्रेत दिलेले मेट्रोनिडॅझोलही तोल बिघडवते. म्हणून मागील पंधरा दिवसांत दिलेल्या प्रत्येक औषधाचे नाव पशुवैद्यकास सांगावे.

रेबीजबाबत खबरदारी

कुत्र्याचे रेबीज लसीकरण अद्ययावत नसेल, तर निदान होईपर्यंत त्याच्या तोंडात हात घालू नये व मुलांना दूर ठेवावे. रेबीजमध्ये गिळता न येणे, खालचा जबडा लोंबणे, आवाज बदलणे व स्वभाव पालटणे ही लक्षणे दिसतात. रेबीजचा प्राणी दिवसेंदिवस खालावतो आणि बहुधा दहा दिवसांच्या आत दगावतो, तर तोलविकाराचा प्राणी सावरत जातो. चावा बसला किंवा जखमेवर लाळ लागली, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुऊन त्याच दिवशी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

पशुवैद्यकाकडे केव्हा न्यावे?

प्रत्येक रुग्णाची एकदा तपासणी व्हावीच. पुढील खुणा असल्यास मात्र मुळीच थांबू नये: बुबुळे वर-खाली हलणे, शुद्ध हरपणे, झटके येणे, एखाद्या पायातील ताकद जाणे, कानातून पू किंवा दुर्गंधी येणे, 72 तासांनंतरही सुधारणा नसणे. बुबुळांच्या हालचालीचे अर्ध्या मिनिटाचे मोबाइल चित्रीकरण पशुवैद्यकास पाठवल्यास निदानाला मोठी मदत होते. कानात परस्पर तेल किंवा औषध घालू नये. पडदा फाटलेला असल्यास काही औषधे आंतरकर्णाला अधिक इजा करतात.

घरची शुश्रूषा

- विहीर, शेततळे, पायऱ्या व ओटा यांपासून दूर, घसरणार नाही अशा जमिनीवर गोणपाट अंथरून ठेवावे. साखळीने बांधू नये.
- रात्री मंद दिवा ठेवावा. कानाचा संदेश चुकतो तेव्हा मेंदू डोळ्यांवर व पायांच्या स्पर्शावर अवलंबून राहतो.
- पाणी व मऊ अन्न उथळ ताटलीत, थोडे थोडे, कुत्रा छातीवर टेकून बसला असताना द्यावे. घशात काहीही ओतू नये. पशुवैद्यकाने दिलेले मळमळीचे औषध वेळेवर द्यावे.
- दर तीन-चार तासांनी कूस बदलावी.
- लघवीसाठी नेताना पोटाखालून टॉवेलचा आधार द्यावा. उचलून हवेत धरल्यास भोवळ वाढते.
- जवळ जाताना समोरून, हाक देत जावे.

मळमळ थांबताच टॉवेलच्या आधाराने दिवसातून तीन-चार वेळा थोडे चालवावे. मेंदू नव्या संदेशांची सवय हालचालीतूनच लावून घेतो. सतत पडून राहिल्यास ही सुधारणा लांबते.

सारांश, पहिल्या तासात बाहुल्या, श्वास, थरथर व शुद्ध या चार गोष्टी पाहाव्यात. त्यांत बिघाड असेल तर धाव घ्यावी. त्या ठीक असतील तर तपासणी करून घ्यावी आणि किमान तीन दिवस धीर धरावा. वृद्ध प्राण्याच्या जीवनमरणाचा निर्णय पहिल्या दिवशीच्या दृश्यावरून घेऊ नये, हा संदेश विस्तार कार्यकर्त्यांनी गावोगावी पोहोचवावा.