सपाट तळाची नाव : बाजाराला, लढाईला, दवाखान्याला

आमच्या बचत गटातल्या नऊ जणी मध्यंतरी शिंदखेडा तालुक्यात मुडावदला गेलो होतो. तिथे आपली पांझरा तापीला मिळते. कपिलेश्वराचं दर्शन झालं, आणि पलीकडे शिरपूरच्या बाजूला एका ताईचं माहेर, तिथे नावेनं जायचं ठरलं. नाववाले मामा म्हणाले, दोन खेपा करू. आम्ही म्हटलं, एकाच खेपेत बसतो की मामा, दाटीवाटीनं! मामा हलले नाहीत. तेव्हा आम्हाला रागच आला. आजचं बोलणं त्या रागावरूनच सुचलं.

आपल्याकडची नाव तुम्ही पाहिली असेल. तळ परातीसारखा सपाट, बाजू ठेंगण्या. असं का? घरी एकदा करून पाहा. टबात पाणी घ्या, त्यात एक परात सोडा आणि एक उभा डबा सोडा. दोन्हींत सारखंच धान्य घाला. परात वरवर तरंगते, डबा खोल जातो. वजन तेच, पण परातीचा तळ रुंद, म्हणून तिला कमी पाणी पुरतं. तापीवर बॅरेज नव्हते तेव्हा उन्हाळ्यात कितीतरी ठिकाणी गुडघाभर पाणी उरायचं. तिथे खोल तळाची बोट चिखलात रुतली असती. सपाट नाव थेट काठाला लागते, धक्का लागत नाही, वल्हं नसलं तर लांब बांबूनं तळाला रेटा देऊन पुढे जाते. ऊस पिकवणाऱ्या भागात पुराच्या वेळी लोक गुळाची काहील पाण्यात सोडून माणसं काढतात, तीही त्याच गुणामुळे तरंगते.

याच गुणाचा लढाईत उपयोग झाला. 1679 साली शिवाजी महाराजांनी मुंबईजवळच्या खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला. मायनाक भंडारी तिथे होते. इंग्रजांनी मोठी जहाजं आणून बेटाची वाट अडवली. पण मराठ्यांच्या छोट्या होड्या रात्री थळच्या बाजूनं धान्य, दारूगोळा घेऊन जायच्या. त्यांचे तळ काही परातीसारखे सपाट नव्हते, पण उथळ होते. वारा पडला की वल्ह्यांवर चालायच्या, पाठलाग झाला की खाडीत शिरायच्या. मोठं जहाज तिथे आलं असतं तर रुतलंच असतं. इंग्रजांना बेट काही मिळालं नाही.

दुसऱ्या महायुद्धात तर ही युक्ती फार मोठ्या प्रमाणावर वापरली. अमेरिकेत अँड्र्यू हिगिन्स नावाचा माणूस दलदलीत चालणाऱ्या उथळ बोटी बनवायचा. त्याच घडणीतून सैन्याची प्लायवूडची बोट झाली. एका बोटीत छत्तीसेक सैनिक मावायचे, समोरचं दार पाण्यात पडायचं आणि माणसं थेट वाळूवर उतरायची. 6 जून 1944 ला फ्रान्सच्या किनाऱ्यावर अशाच बोटी लागल्या.

पण युद्धाची दुसरी बाजू बायकांनी जास्त लक्षात ठेवावी अशी आहे. 1942 मध्ये जपानी सैन्य येईल या भीतीनं इंग्रज सरकारनं बंगालच्या किनारपट्टीवर दहापेक्षा जास्त माणसं नेणाऱ्या होड्या जप्त केल्या, मोडल्या. तिथे नदी हाच रस्ता. मासेमारी थांबली, धान्याची ने-आण थांबली. पुढच्याच वर्षी बंगालात भयंकर दुष्काळ पडला. त्याला कारणं बरीच होती, त्यात हेही एक. होडी गेली की चूल कशी विझते, ते तिथल्या बायांनी पाहिलं.

आपल्या शेजारी नंदुरबारात आजही नाव म्हणजे गरज आहे. सरदार सरोवराचं पाणी अक्कलकुवा आणि धडगावच्या गावांत आलं तशी वाट पाण्याची झाली. तिथे दवाखानासुद्धा बोटीतून फिरतो. 2020 मध्ये कोरोनाच्या भीतीनं बायका बाळांना घेऊन येईनात, तेव्हा चिमलखेडीच्या अंगणवाडीताई रेलू वसावे यांनी मासे धरायची छोटी होडी घेतली आणि स्वतः वल्हवत पाड्यांवर जाऊ लागल्या. वजनकाटा आणि पोषण आहार होडीत, हात दुखून यायचे, तरी जायच्या. आम्हाला मानधनाच्या बैठकीत त्यांची आठवण होते, ते असो.

आता मामांचं गणित. त्यांची नाव साधारण दहा फूट लांब, तीन फूट रुंद, बाजू सव्वा फुटाची. पाच बायका बसल्या की अशी नाव पाच बोटं आणखी बुडते. नऊ बसल्या की नऊ बोटं. वर मामांचं आणि नावेचं स्वतःचं वजन. मग पाण्यापासून काठ वीतभरही उरत नाही. सपाट नाव सहज डुलत नाही म्हणून आपल्याला ती भक्कम वाटते, पण सगळ्या जणी एका बाजूला झुकल्या, कुणी फोटोला उभी राहिली, की काठावरून पाणी आत येतं, आणि आत आलेलं पाणी त्याच बाजूला धावतं. पुढचं सावरायला वेळ मिळत नाही. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला माणसं वाचवायला आलेली बोटच उलटली. क्षमतेपेक्षा जास्त लोक बसले होते. मेलेल्यांत बायका आणि लेकरं बरीच होती.

तर नावेत बसताना मधोमध, खाली बसायचं. पिशव्या तळाशी. लाइफ जॅकेट मागायचं, मिळालं तर साडीवरून घालून पट्टे आवळायचे, उशाला घ्यायचं नाही. लेकराला पदरानं स्वतःला बांधायचं नाही. आमच्या गटानं मुडावदच्या मामांसाठी सहा जॅकेटं घ्यायचं ठरवलंय, निम्मे पैसे जमलेत. मामा मात्र म्हणतात, जॅकेटं आणा, पण खेपा दोनच होतील.