वरण तर रोजच असते, मग हाडं ठिसूळ कशी?

गेल्या पावसाळ्यात वारासिवनीला आई अंगणात घसरली आणि मनगट मोडलं. पडणं तसं साधंच होतं. तपासणीत हाडं ठिसूळ झालेली निघाली. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू झाल्या. निघताना डॉक्टरांनी विचारलं, "डाळ किती खाता?" आई म्हणाली, "वरण तर रोजच असते ना बापा!"

मी सॉफ्टवेअरवाला. घरी येऊन आईचं दिवसाचं खाणं एक्सेलमध्ये मांडलं. दोन वेळचा भात, म्हणजे साधारण 200 ग्रॅम तांदूळ: प्रथिनं 16 ग्रॅम. पातळ वरणात तिच्या वाट्याला येणारी तूरडाळ 30 ग्रॅम: साडेसहा. चहातलं दूध आणि भाजी मिळून पाच. बेरीज जेमतेम 28. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम लागतात. आईचं वजन 55 किलो, म्हणजे हवीत 46 ग्रॅम.

आपला बालाघाट तांदळाचा जिल्हा. चिन्नोरला 2021 मध्ये जीआय मानांकनही मिळालं. भाताचा अभिमान आहेच, पण त्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं. ते डाळ भरून काढते, मात्र ताटात ती पुरेशी असेल तरच.

हाडं म्हणजे नुसतं कॅल्शियम, असं मलाही वाटायचं. खरं तर हाडाच्या आकारमानाचा जवळपास अर्धा भाग प्रथिनांचा, मुख्यतः कोलॅजेनचा असतो. स्लॅबमध्ये सळ्या असतात तसं हे जाळं, आणि खनिजं त्यावर बसतात. शिवाय प्रथिनं कमी पडली की स्नायू झिजतात, तोल जातो आणि माणूस पडतो.

जास्त प्रथिनांनी लघवीतून कॅल्शियम निघून जातं, अशी एक जुनी भीती आहे. लघवीतलं कॅल्शियम वाढतं हे खरं, पण आतड्यातून ते शोषलंही जास्त जातं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या वृद्धांचा चार वर्षांचा अभ्यास 2000 मध्ये छापून आला. त्यात सर्वांत कमी प्रथिनं खाणाऱ्यांचीच हाडं जास्त झिजलेली दिसली. अर्थात पुरेसं कॅल्शियमही पोटात जायलाच हवं. मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत.

पावडरचे महागडे डबे आम्ही आणले नाहीत. मूठ-दीड मूठ फुटाणे (50 ग्रॅम), एक पेला दूध, वाटीभर दही एवढं वाढवलं आणि बेरीज 46 च्या पुढे गेली. अंडं आई खात नाही, त्यावर वाद घालणं मी सोडून दिलं. वरण आता घट्ट होतं. "हे वरण आहे का पिठलं?" असं बाबा रोज विचारतात.